पायाचा जोर ओळखणारी मोटर

सायकल आणि स्वार मिळून १०० किलो वजन, ८ टक्के चढ, वेग ताशी १० किलोमीटर. एवढ्यासाठी चाकाशी साधारण २४० वॉट शक्ती लागते. फारसा सराव नसलेला माणूस तासभर सलग ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. उरलेली शक्ती मोटर देते. ती कधी, किती आणि कशी द्यायची, यावरच महागड्या हायब्रीड (पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) ई-बाइकचे सगळे डिझाइन उभे असते.

स्वस्त ई-बाइकमध्ये क्रँकजवळ, म्हणजे पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्यांच्याजवळ, चुंबक बसवलेली एक चकती असते. पायडल फिरतेय की नाही, एवढेच तिला कळते. त्यामुळे चढावर निघताना पहिला अर्धा फेरा मोटर गप्प राहते आणि मग एकदम ढकलते. गर्दीत, वळणावर हा धक्का धोक्याचा ठरतो. महागड्या सायकलीत टॉर्क सेन्सर असतो. पायडल दाबले की क्रँकचा आस अगदी सूक्ष्म पिळतो. तो पीळ मोजून पायाचा जोर ठरतो आणि त्याच प्रमाणात मोटरला वीज मिळते. पायडल अगदी वर-खाली आले की पायाचा जोर पडतो, आडवे असताना वाढतो. हा चढउतार जसाच्या तसा चाकाला दिला तर सायकल हिसके देईल. तो गुळगुळीत करण्याचे काम कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला वीज किती द्यायची हे ठरवणाऱ्या भागाच्या, सॉफ्टवेअरचे. पैशाचा मोठा वाटा इथे जातो, आणि तो योग्यच आहे. १९९३ साली यामाहाने जपानमध्ये ‘पास’ ही सायकल बाजारात आणली, तिचा पायाही हाच होता.

स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीची टर्बो वाडो एसएल (पहिली आवृत्ती) हे या विचाराचे चांगले उदाहरण. तिची मोटर १.९५ किलोची, कमाल २४० वॉट आणि ३५ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे एकक) टॉर्कची. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स ही मोटर ८५ न्यूटन-मीटर देते, म्हणजे दुपटीहून अधिक. तरीही वाडो एसएल आकर्षक ठरते, कारण अख्खी सायकल सुमारे १५ किलोची आहे. स्वाराची ताकद साधारण दुप्पट करायची, एवढेच तिचे उद्दिष्ट. वरच्याच चढावर गिअर उतरवून ताशी ८ किलोमीटरने गेलात, तर एकूण १९० वॉट लागतील; त्यातले निम्मे तुमचे. घाम येईल, दम मात्र लागणार नाही.

हलकेपणाचा खरा उपयोग मदत थांबल्यावर होतो. युरोपात आणि भारतातही अशा सायकलची मदत ताशी २५ किलोमीटरला तुटते. भारतात ही वेगमर्यादा आणि २५० वॉटखालची मोटर असेल तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. मर्यादेपुढे क्लच मोटरला क्रँकपासून सोडवतो, म्हणून मोटर पायाला ओढ देत नाही. सपाटीवर एकसारख्या वेगाने जाताना वजनाचा त्रास थोडाच, तिथे मुख्य विरोध हवेचा. पण वेग वाढवताना, सायकल जिन्यावरून उचलताना किंवा बॅटरी संपल्यावर जड ई-बाइकचे २४ किलो आणि हिचे १५ किलो यांतला फरक लगेच कळतो.

वाडो एसएलची बॅटरी ३२० वॉट-तासांची आहे. १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला किमान २७ वॉट-तास लागतात. निम्मा भार मोटरवर आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर बॅटरीतून १८ वॉट-तास जातात. म्हणजे १००० मीटरच्या चढाला १८० लागतील, आणि रस्त्याचे घर्षण, वारा वेगळे. कंपनीच्या किलोमीटरच्या आकड्यापेक्षा हा हिशेब भरवशाचा.

अशा सायकलींत मोटर मध्ये, क्रँकपाशी असते; तिचा जोर चेनमधूनच चाकाकडे जातो, त्यामुळे चेन साध्या सायकलपेक्षा लवकर ताणते. ११ किंवा १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी. उशीर केला तर दातेरी चक्रेही झिजतात आणि खर्च कैक पटींनी वाढतो. गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करा, नाहीतर भाराखाली चेन उडी मारते किंवा तुटते. कार्बन तंतूंचा बेल्ट हा त्रास टाळतो, त्याला तेलही नको. मात्र बेल्ट जोड उघडून काढता येत नाही, म्हणून फ्रेमचा मागचा त्रिकोण उघडता येणारा हवा आणि गिअर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत हवेत. ताण कमी पडला तर बेल्ट दात सोडतो. फार झाला तर हबचे बेअरिंग खराब होते.

मोटर आणि बेअरिंगवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नये. सीलमधून पाणी आत शिरते. महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता ३० ते ६० टक्क्यांवर, उन्हापासून लांब ठेवावी. विकत घेण्यापूर्वी सपाट रस्त्यावरची चक्कर पुरेशी नाही: चढावर थांबून पुन्हा निघून पाहा, मग मोटर बंद करून दोन किलोमीटर चालवा. फ्रेममध्ये बंद असलेली बॅटरी काढायला काय लागते, नवी कितीला आणि कुठे मिळते, हे दुकानदाराकडून लेखी घ्या.