थरांमध्ये खांब घालायची आयडिया आली कुठून

गॅस शोषणाऱ्या मटेरियल्सचा विषय निघाला की हल्ली सगळे एमओएफवरच (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातूचे आयन ऑरगॅनिक रेणूंनी जोडून केलेले सच्छिद्र पदार्थ) बोलतात, २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेलही त्यालाच मिळालंय (कितागावा, रॉबसन, याघी), पण त्यातली थर आणि खांबवाली (म्हणजे थर एकमेकांवर बसू नयेत म्हणून मध्ये रेणूंचे टेकू दिलेली) जी जात आहे तिची आयडिया आधी चिकणमातीत वापरून झाली होती.

माँटमोरिलोनाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीतल्या खनिजांच्याच घराण्यातलं. जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे सिलिकेटचे थर, मध्ये सोडियम, कॅल्शियम आणि पाणी. रान पावसात फुगतं नि उन्हाळ्यात भेगाळतं ते यामुळेच. गॅससाठी नेमकी हीच अडचण, पाणी उडालं की थर एकमेकांवर बसतात आणि नायट्रोजनला आत शिरायला जागाच उरत नाही.

१९५५ मध्ये बॅरर आणि मॅक्लिऑड यांनी सोडियमच्या जागी टेट्रामिथाइल अमोनियमसारखे जाडजूड आयन घातले, थर उघडे राहिले आणि गॅस आत गेला! फक्त हे आयन ऑरगॅनिक, जास्त तापवले की संपले.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. जड क्रूडमधले मोठे रेणू फोडायचे तर झिओलाइटची (रिफायनरीत उत्प्रेरक म्हणून वापरतात ते सच्छिद्र सिलिकेट) पाऊण नॅनोमीटरची छिद्रं अपुरी, म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटी लोक परत मातीकडे वळले. यावेळी खांब अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात हळूहळू कॉस्टिक सोडा सोडायचा (घाई केली की साका बसतो), १३ अ‍ॅल्युमिनियमवाला मोठा आयन तयार झाला की तो पातळ कालवलेल्या मातीत घालायचा, क्लोराइड जाईपर्यंत धुवायचं, वाळवून ४००-५०० अंशांवर भाजायचं. आयनाचा ऑक्साइड होतो आणि थर कायमचे उचललेले राहतात. रिफायनरीत मात्र हे टिकलं नाही, गरम वाफेत खांब ढासळायचे आणि कोकही (कार्बनचा थर) फार धरायचा. माझ्या मते ते फसलं म्हणूनच गॅस वेगळे करायला ही माती वापरून बघायला लोकांना सवड मिळाली.

एमओएफमध्ये कितागावांच्या ग्रुपने १९९९ मध्ये तांब्याच्या थरांमध्ये पायराझिन या छोट्या ऑरगॅनिक रेणूचे खांब घातले, तेही साध्या पाण्यात, भट्टीबिट्टी काही नाही. २००५ मध्ये त्याच पदार्थात अ‍ॅसिटिलीन साठवून दाखवलं, एरवी जेवढं दाबणं सेफ आहे त्याच्या २०० पट घनतेने.

आणि चिबा युनिव्हर्सिटीत कानेको यांच्या ग्रुपने २००१ मध्ये जो तांब्याचा पदार्थ मांडला त्यात तर खांबच नाहीत, थर मिटलेलेच असतात, गॅसचा दाब ठरावीक पातळीवर गेला की आपोआप उघडतात आणि दाब उतरला की गॅस सोडून परत मिटतात.