आरोग्य मानसशास्त्र: काम वॉर्डात, पदवी कला शाखेत

आरोग्य मानसशास्त्र, म्हणजे आजार आणि उपचारात मनाचा, सवयींचा वाटा पाहणारा विषय, शिकायचं म्हटलं की घरचे विचारतात, "नोकरी कुठं मिळणार?" उत्तरासाठी या विषयाचा इतिहास पाहावा लागतो.

1977 साली अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडलं, की आजारात शरीराइतकाच माणसाच्या मनाचा, सवयींचा आणि परिस्थितीचा वाटा असतो. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. तेव्हा तिकडे साथीचे रोग मागे पडून हृदयविकार, कर्करोग पुढे आले होते. रुग्ण तंबाखू सोडेल का, गोळ्या नेमाने घेईल का, हे नुसत्या चिठ्ठीने ठरणारं नव्हतं.

आपल्याकडे मानसशास्त्राचा पहिला विभाग 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. विषय बहुतेक ठिकाणी कला शाखेतच वाढला, त्यामुळे दवाखान्याशी त्याचा संबंध फार उशिरा आला. तो जोडला एचआयव्हीने. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम आला आणि पुढे तपासणी केंद्रांत समुपदेशकाची खुर्ची आली. मानसशास्त्र किंवा समाजकार्यात एम.ए. झालेल्या कितीतरी जणांची सरकारी दवाखान्यातली पहिली नोकरी हीच.

विदर्भात सिकलसेलने, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराने, या कामाची गरज आणखी वाढवली. नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतः आजारी नसले तरी आजाराचं जनुक असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. हे लग्नाआधी, कुणालाही कमीपणा न वाटू देता समजावणं सोपं नाही. सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरिया ही गोळी रोज घ्यावी लागते, अन् समोरचा म्हणतो, "आता बरं वाटून राहिलं ना, मग गोळी कायले?" त्याच्याशी वाद न घालता पुढच्या महिन्यातही तो येईल असं बोलणं, हे खरं आरोग्य मानसशास्त्र.

आणि खर्रा! गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटणं थांबलं नाही. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं होतं, पुढे कर्करोगापर्यंत जातं, हे खाणाऱ्यालाही ठाऊक असतं. नुसत्या माहितीने सवय सुटत नाही. तलफ नेमकी केव्हा येते, सोबत कोण असतं, जेवणानंतर की ड्युटीवर, हे शोधत बसावं लागतं. हे काम नागपुरात दहा जन्म पुरेल इतकं आहे.

पदं मात्र बहुतेक कंत्राटी आणि मानधनावरची. हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. बाकीच्यांना 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने प्रथमच दार उघडलं. त्यात वर्तन-आरोग्य हा स्वतंत्र गट आहे आणि मानसशास्त्रज्ञ त्यात येतात. याच कायद्याच्या आधारे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करू म्हणणाऱ्यांना आता नियमित कॉलेजातच प्रवेश घ्यावा लागेल. फॉर्म भरण्याआधी तिथे दवाखान्यातलं प्रत्यक्ष काम किती तास आहे, हे मात्र विचारून घ्या.