पार्श्वभूमी : स्टर्नबर्गाइट, आर्जेंटोपायराइट आणि याखिमोव्हच्या शिरा

स्टर्नबर्गाइटचे पहिले वर्णन १८२७ मध्ये झाले, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) याखिमोव्हच्या नमुन्यांवरून. हे गाव वसले १५१६ मध्ये आणि चांदीच्या टालर नाण्यांमुळे युरोपभर गाजले, तरी या खनिजाची स्वतंत्र नोंद व्हायला त्यानंतर तीन शतके गेली. चांदीचा एक अणू, लोहाचे दोन आणि गंधकाचे तीन असे त्याचे सूत्र. म्हणजे वजनात चांदी सुमारे ३४ टक्के.

खरा गुंता १८६६ पासूनचा. त्या वर्षी याच खाणींतल्या षट्कोनी दिसणाऱ्या बारीक स्फटिकांना आर्जेंटोपायराइट हे नाव मिळाले आणि लगेच शंकाही निघाली : हे वेगळे खनिज आहे, की मूळचे खनिज नाहीसे होऊन त्याच्या आकारात इतर सल्फाइडे (धातू-गंधकाची संयुगे) भरलेले छद्मरूप? शंका उगाच काढलेली नव्हती. बरेच स्फटिक बाहेरून अखंड दिसतात, पण आत पायराइट, मार्कासाइट ही लोहाची सल्फाइडे आणि चांदीची धातुके यांचे मिश्रण असते. असा स्फटिक सबंध विरघळवून पृथक्करण केले की लोह-गंधकाचे प्रमाण दर नमुन्यात वेगळे येणारच. रासायनिक पृथक्करण हेच मुख्य साधन होते तोवर वाद मिटणे अवघड होते. शंका घेणारे त्यांच्यापुढच्या नमुन्यांबाबत बरोबर होते. चूक झाली ती त्यावरून सगळेच स्फटिक बाद ठरवण्यात.

१९५४ मध्ये न बदललेल्या स्फटिकांची क्ष-किरण मोजमापे प्रसिद्ध झाली आणि निकाल लागला. सूत्र स्टर्नबर्गाइटचेच, रचना मात्र निराळी. दोन्ही समचतुर्भुजी (तीन असमान अक्ष, एकमेकांना काटकोनात), पण स्टर्नबर्गाइटच्या एकक कोशिकेचे, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाचे, घनफळ जवळजवळ दुप्पट. पुढे प्रयोगांतून दिसले की साधारण १५०° से. च्या वर ही संयुगे टिकत नाहीत. शिरांमध्ये, म्हणजे खडकाच्या भेगांत खनिजे साचून झालेल्या पट्ट्यांत, ती उशिरा, थंड होत आलेल्या द्रावांतून येतात ती यामुळेच.

हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. स्टर्नबर्गाइटचे सोनेरी-तपकिरी पातळ पत्रे वर्खासारखे वाकतात, कागदावर काळी रेघ उमटवतात. कठिनता मोस मापनावर जेमतेम १ ते १.५. जुन्या पृष्ठावर जांभळट-निळी झाक चढते. आर्जेंटोपायराइटची कठिनता ३.५ ते ४, पत्रे नाहीत. कोळशावर फुंकनळीने तापवल्यास स्टर्नबर्गाइट गंधकाचा वास सोडत वितळते आणि चांदीचा लेप असलेला, चुंबकाला चिकटणारा मणी उरतो. ही परीक्षा सुटलेल्या कणावरच करावी. जुन्या लेबलावर आर्जेंटोपायराइट लिहिले असले तरी स्फटिकाचा छेद घासून परावर्तित प्रकाशात पाहिल्याशिवाय ते मानू नये.

याखिमोव्हखेरीज सीमेपलीकडच्या जर्मनीतल्या सॅक्सनीत योहानगेऑर्गेनश्टाट, श्नेबर्ग आणि फ्रायबर्ग, तसेच हार्ट्‌समधले सांक्ट आंद्रेआसबर्ग ही ठिकाणे महत्त्वाची. सोबत प्रूस्टाइट, पायरार्जिराइट, स्टेफनाइट ही चांदीची इतर खनिजे असतात. याखिमोव्हच्या त्याच शिरांत पिचब्लेंड हे किरणोत्सारी युरेनियम-खनिजही असल्याने तिथला नमुना संग्रहात घेण्याआधी गायगर गणित्राने तपासावा.

अलीकडची भर म्हणजे १९९० च्या दशकातले लेनाइट. त्यात चांदी, लोह यांचा एकेक अणू आणि गंधकाचे दोन. रचना चाल्कोपायराइट या तांबे-लोहाच्या सल्फाइडाच्या धर्तीची, नाव सायबेरियातल्या लेना नदीवरून.