हृदय थांबलं की हातांनी काय करायचं

बोलता बोलता माणूस कोसळतो. हाका मारल्या, खांदे हलवले, तरी ओ देत नाही. लोक जमतात. तेवढ्यात त्याच्या घशातून घरघर येते, जबडा हलतो, छाती एकदा वर उचलली जाते. "श्वास चालू आहे, बाजूला व्हा, वारा येऊ द्या," असं कुणीतरी म्हणतं. सगळे बाजूला होतात, कुणी तोंडावर पाणी मारतं, आणि ज्या मिनिटांत त्याला वाचवता आलं असतं ती मिनिटं निघून जातात.

तो श्वास नव्हता. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे: आचके. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या बुडाशी असलेली श्वासाची केंद्रं थोडा वेळ धडपडत राहतात, त्यातून हे आचके येतात. हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या बऱ्याच जणांमध्ये पहिल्या काही मिनिटांत ते दिसतात. सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देऊन आणि गरजेप्रमाणे तोंडाने श्वास देऊन रक्त फिरतं ठेवण्याचं तंत्र, शिकताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नये. घाईगर्दीत ती सरावलेल्या माणसालाही चकवते. आपत्कालीन सेवेला फोन लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि छातीवर दाब सुरू करायचा.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, पण तो बहुधा शुद्धीवर असतो आणि हृदय चालू असतं. त्याला सीपीआर नको, तातडीने रुग्णालय हवं. हृदय बंद पडतं तेव्हा मात्र रक्त पुढे ढकललंच जात नाही. त्यामागे अनेकदा विजेच्या संदेशांतला गोंधळ असतो. एक जड दोर वीस जणांनी एका दमात ओढण्याऐवजी जो तो आपापल्या वेळेला ओढू लागला तर दोर जागचा हलणार नाही. तसे हृदयाच्या स्नायूंचे तंतू नुसते थरथरत राहतात. हार्ट अटॅकमुळेही हा गोंधळ सुरू होऊ शकतो.

रक्त थांबल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. चार-पाच मिनिटांनंतर त्याच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते.

अशा वेळी आपले हात हृदयाचं काम करतात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपरं न वाकवता अंगाच्या भाराने दाबायचं. प्रौढांमध्ये खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. एवढं सगळं नीट केलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश प्रवाह मिळतो. बहुतेक वेळा या दाबाने हृदय पुन्हा सुरू होत नाही. मेंदू आणि हृदय तगून राहतील एवढं रक्त त्यांना पोचवत राहणं, हे त्याचं काम.

जितकं महत्त्व दाबण्याला, तितकंच सोडण्याला आहे. छाती पूर्ण वर येते तेव्हा हृदयात नवं रक्त भरतं आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही प्रामुख्याने त्याच क्षणी रक्त मिळतं. दाब देऊन छातीवर रेलून राहिलं तर ते अडतं. शिवाय हा प्रवाह पहिल्या दाबाला लगेच मिळत नाही. एकामागून एक दाब देत गेल्यावर तो हळूहळू चढतो, आणि हात थांबले की लगेच कोसळतो. मग पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. म्हणून "थांबा, बघू या काही फरक पडलाय का" असं दर अर्ध्या मिनिटाला करणं रुग्णाला फार महागात पडतं. दोन मिनिटांत कुणाचेही हात थकतात आणि दाब उथळ होतो, तेव्हा जवळ कुणी असेल तर आळीपाळीने करावं, पण बदल काही सेकंदांत व्हायला हवा.

हे तंत्र सापडलं तेही एका निरीक्षणातून. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विजेच्या धक्क्याने हृदय सुरू करण्याचे प्रयोग चालू होते. कुत्र्याच्या छातीवर यंत्राचे जड पॅड दाबले की धक्का देण्याआधीच त्याचा रक्तदाब किंचित वर जातो, हे गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं. विल्यम कौवेनहोवन आणि जेम्स ज्यूड यांच्यासोबत त्यांनी १९६० साली ते प्रसिद्ध केलं. त्याआधी थांबलेलं हृदय चालवायचं तर शल्यचिकित्सक छाती उघडून ते हाताने दाबत असत.

तोंडाने श्वास देण्याच्या संकोचामुळे अनेक जण हातच लावत नाहीत. अचानक कोसळलेल्या प्रौढाच्या फुप्फुसांत आणि रक्तात सुरुवातीला ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे शिकलेलं नसेल तर नुसता दाबही चालतो. बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलांचं तसं नाही. तिथे बहुधा आधी ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थांबतं, म्हणून श्वास द्यायलाच हवा. ३० दाब, २ श्वास ही पद्धत यासाठी शिकून घ्यावी.

बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही. बरगड्या मोडतात, आणि तो आवाज हाताला जाणवतो. मोडलेली बरगडी जुळते. आणखी एक गोष्ट मला फार खुपते. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. छातीला हात लावायचा संकोच हे त्याचं एक कारण. हात ठेवायची जागा सगळ्यांची एकच आहे.

जवळ एईडी हे हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र असेल तर कुणाला तरी ते आणायला पळवावं. चालू केल्यावर ते स्वतः बोलून सूचना देतं, आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. धक्क्याने हृदयातला विजेचा सगळा गोंधळ क्षणभर थांबतो, मग हृदयाची मूळ लय परतू शकते. काहीच मदत न मिळाल्यास प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात ख्रिस्टियन एरिक्सन हा फुटबॉलपटू सामना चालू असताना कोसळला. त्याला तिथेच छातीवर दाब आणि विजेचा धक्का मिळाला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळत होता.

वाचून ५ सेंटिमीटर म्हणजे किती हे हाताला कळत नाही. पहिल्यांदा वर्गात सरावाच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकले तेव्हा मी जीव खाऊन दाबतोय असं मला वाटत होतं, आणि शिकवणाऱ्या बाई शेजारून सांगत होत्या, "अजून खाली. अजून. आता सोडा, पूर्ण सोडा." काही महिन्यांत हात हे विसरतात, म्हणून आता मी दर वर्षी पुन्हा जाऊन बसतो.