पीएम किसानची नवी नोंदणी फेरफारावर का अडते?

पीएम किसान सन्मान निधीची नवी नोंदणी नामंजूर होते, तेव्हा अनेकदा शेतकरी अपात्र नसतो, तर जमीन त्याच्या नावावर केव्हा आणि कशी आली याचा पुरावा, म्हणजे फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची महसुली नोंद), अर्जासोबत जोडलेला नसतो. योजनेत वर्षाला 2,000 रुपयांचे तीन हप्ते मिळतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीसाठीही हीच यादी धरली जाते. म्हणून येथे अर्ज अडला की दोन्हीकडचे पैसे थांबतात.

खरी मेख 1 फेब्रुवारी 2019 या तारखेत आहे. ही अर्जाची मुदत नव्हे. त्या दिवशी जमीन अर्जदाराच्या नावावर असली पाहिजे, असा तिचा अर्थ आहे. त्यानंतर खरेदीखताने, बक्षीसपत्राने किंवा वडील हयात असताना वाटणीने आलेल्या जमिनीवर नवी नोंदणी होत नाही. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेली जमीन. अशा वेळी वारस फेरफार तर लागतोच, शिवाय जमीन मृत खातेदाराच्या नावावर कशी आली, हे दाखवणारा जुना फेरफारही लागतो, आणि नेमका तोच कुणाच्या घरी नसतो. ताजा सातबारा आजचा मालक दाखवतो, तारीख सिद्ध करत नाही. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापाशी फेरफार क्रमांक छापलेला असतो. तो टिपून त्याच क्रमांकाचा उतारा मागावा. जुना हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावा लागतो.

वारस नोंदच झाली नसेल, तर मृत्यू दाखल्यासह ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, किंवा ई-हक्क या महसूल विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करावा. हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे कायदा सांगतो. या नोंदीबाबत संबंधितांना काढलेल्या नोटिशीची मुदत हरकतीविना संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणाचीही हरकत नसताना प्रकरण टेबलावर का पडून राहते, याचे उत्तर कार्यालयांनीच द्यावे. आपण मात्र अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मृत खातेदाराच्या बँक खात्यात हप्ते येत राहिले, तर ते एटीएममधून काढू नयेत, मृत्यूची माहिती कळवावी. ती रक्कम पुढे वसूल होते.

मंजुरीनंतरचा घोळ बँकेचा. खात्याला आधार जोडलेले असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खाते निवडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे शेवटी निवडलेल्या खात्यात जातात. अर्जदार जिल्हा बँकेचे पासबुक भरून आणतो आणि हप्ता मात्र कधीकाळी दुसऱ्याच कामासाठी उघडलेल्या खात्यात पडलेला असतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे थेट लाभासाठी कोणत्या बँकेचे खाते निवडलेले आहे, ते पाहिले की हे लगेच कळते.

पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते व एकालाच लाभ मिळतो. पतीपत्नी दोघांनीही अर्ज करू नये. मागील आकारणी वर्षात आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी आणि दरमहा 10,000 रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे अपात्र आहेत. बटाईने शेती करणाऱ्याला, सातबारा नावावर नसल्याने, काहीच मिळत नाही. घाम गाळणाऱ्यालाच वगळणारी ही अट अन्यायकारक आहे, पण आज ती तशी आहे.

बाकी प्रक्रिया सरळ आहे: आधी शेतकरी ओळख क्रमांक, मग पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात नोंदणी, शेवटी ई-केवायसी. ओळख क्रमांक मिळाला म्हणजे योजनेत नाव लागले, असे मात्र समजू नये. अर्ज नामंजूर झाल्यास पोर्टलवरील कारण छापून घ्यावे आणि तो कागद व दोन्ही फेरफार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे.