सोनोग्राफी फॅन्टम, अल्पखर्ची

रुग्णाविना प्रोब (अंगावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारे व टिपणारे उपकरण) फिरविण्याचा व सुई टोचण्याचा सराव करता यावा, यासाठी मऊ ऊतकांसारखा ध्वनिप्रतिसाद देणाऱ्या पदार्थाची केलेली प्रतिकृती. बाजारातील तयार फॅन्टम महाग असल्याने ती आगर (चायना ग्रास), जिलेटिन, इसबगोल अशा जिनसांपासूनही करतात.

‘फॅन्टम’ ही संज्ञा प्रतिमाशास्त्रात कोणत्या वाटेने आली, याविषयी दोन शक्यता मांडता येतात. प्रसूतिविद्येतील सरावाच्या बाहुल्यांना फ्रेंच व जर्मन वैद्यकात बहुधा अठराव्या शतकापासून हे नाव आहे. फ्रेंच सुईण मादाम द्यु कुद्रे यांचे कापड-चामड्याचे ‘यंत्र’ याच काळातले. दुसरी वाट क्ष-किरणांची मात्रा मोजण्यासाठी वापरलेल्या पाण्याच्या टाक्यांची. सरावाचा हेतू पाहता पहिली अधिक पटते. पदार्थाचा इतिहास त्यामानाने स्पष्ट आहे: मॅडसन व सहकाऱ्यांनी 1978 मध्ये जिलेटिन-ग्रॅफाइटचे मिश्रण वर्णिले, तर ब्यूड व अ‍ॅडलर यांनी 1995 मध्ये ग्रॅफाइटऐवजी इसबगोलाची घरगुती कृती दिली. भुशीच्या कणांवरून ध्वनी विखुरतो व पडद्यावर यकृतासारखी करडी पोत उमटते.

मशीन ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरून खोली काढते. मिश्रणातील वेग 1500 असल्यास 10 सेंमी. खोलीवरची वस्तू सुमारे 3 मिमी. अधिक खोल दिसते. सुई टोचण्याच्या सरावात याने बिघडत नाही. मोजमाप शिकविताना मात्र बिघडते. ग्लिसरीन घातल्यास वेग वाढतो. ढवळताना शिरलेला हवेचा बुडबुडा ठळक ठिपका होऊन खाली सावली टाकतो, म्हणून मिश्रण सावकाश ओततात व वरचा फेस काढतात. सलाईनची नळी रक्तवाहिनी होते. पाणी भरून गाठ मारलेले हातमोज्याचे बोट गळू किंवा सिस्ट (द्रवाची पिशवी).

विदर्भात पदार्थाची निवड ऊन ठरविते. जिलेटिन 30–35° से.च्या आसपास पाघळते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा 45° गाठतो. गोठलेले आगर साधारण 85° से.पर्यंत टिकते, म्हणून वीज भरवशाची नसलेल्या ठिकाणी तेच बरे. मात्र ते ठिसूळ असते, सुईच्या वाटा त्यात राहून जातात. वितळवून पुन्हा ओतावे लागते. बुरशी दोहोंनाही लागते.

फॅन्टममध्ये गर्भ नसला, तरी मशीनला 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू असतोच. त्यामुळे हा सराव नोंदणीकृत केंद्रातच करावा लागतो.