‘गणिताची पदवी पुण्या-मुंबईचीच’ : एक खुलासा

बारावीचा निकाल लागला की लातूर-परभणीकडं एक मेसेज हमखास फिरतो: ‘गणितात बी.एस्सी. करायची तर पुण्या-मुंबईलाच. इथल्या पदवीला पुढं कुणी विचारत नाही.’ खोलीभाडं, मेस यांचा हिशेब करताना ही काळजी वाटणं साहजिकच आहे.

आता पदवी देतं विद्यापीठ, कॉलेज फक्त संलग्न असतं. स्वायत्त कॉलेजं सोडली, तर एकाच विद्यापीठाच्या शहरातल्या नि तालुक्यातल्या कॉलेजांचा अभ्यासक्रम नि विद्यापीठाची परीक्षा एकच.

पुढचं दार म्हणजे आयआयटीत एम.एस्सी.साठीची प्रवेश परीक्षा, ‘जॅम’. गणिताचा पेपर 3 तासांचा, 100 गुणांचा, सगळ्यांना तोच. जुने पेपर नेटवर फुकट मिळतात. ते उघडा आणि वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट सिद्धांत, अवकल समीकरणं हे विषय तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कोणत्या सत्रात येतात ते ताडून बघा. बरेचसे सापडतील.

फरक पडतो तो शिकवण्यात, आणि तो खरंच मोठा असू शकतो. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात एक चक्कर मारा. गणिताला पूर्णवेळ प्राध्यापक किती? तास होतात का? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला विचारा, ‘सिद्धता फळ्यावर करून दाखवतात, की नोट्स उतरवून देतात?’ माहितीपत्रकापेक्षा त्याचं उत्तर जास्त कामाचं. आणि हाच प्रश्न पुण्यातल्या कॉलेजातही विचारा.